ई-सायकलची ताशी २५ किलोमीटरची मर्यादा काढावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते वारज्यात राहतात आणि कामाला शिवाजीनगरला जातात. एका बाजूचे अंतर साधारण नऊ किलोमीटर आहे. ई-सायकल घेण्याचे त्यांनी ठरवले आहे. दुकानदाराने सांगितले की ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ‘एक तार काढली की जाते’ आणि मग सायकल ४० च्या वेगाने पळते. संध्याकाळी तीच सायकल त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा क्लासला नेणार आहे. मर्यादा काढून घ्यावी का, आणि घेतली तर कायद्याच्या दृष्टीने काय होते, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात ई-सायकली जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न मला दुकानात सतत ऐकू येतो. माझे उत्तर ‘काढू नका’ असेच आहे. पण नुसते एवढे सांगून भागणार नाही, कारण यामागची कारणे समजली नाहीत तर दोन महिन्यांनी रस्त्यावर एखादा पुढे निघून गेलेला पाहून मन पुन्हा डळमळते. शिवाय तुमची खरी अडचण वेगाची आहे, असे मला वाटत नाही. कामावर वेळेत पोहोचावे, घामाघूम होऊन पोहोचू नये, येताना दमछाक होऊ नये आणि हे सगळे पावसाळा धरून वर्षभर जमावे, ही तुमची खरी गरज आहे. तिचा किती भाग वेगाने सुटतो, ते आधी पाहू.

नऊ किलोमीटर अंतर कुठेही न थांबता २५ च्या वेगाने कापले तर जवळपास बावीस मिनिटे लागतात, ४० च्या वेगाने साडेतेरा. कागदावर आठ मिनिटांची बचत दिसते. कर्वे रस्त्यावर मात्र सिग्नल आहेत, रिक्षा थांबे आहेत, बसथांबे आहेत, आणि तुमच्यापुढे धावत गेलेली सायकल पुढच्या लाल दिव्याला उभीच असते. माझ्याकडे येणारे रोजचे स्वार मर्यादेतल्या सायकलीवर शहरात घरापासून कामापर्यंत सरासरी १६ ते १८ चा वेग राखतात, आणि गर्दीच्या वेळी पेट्रोलची स्कूटरही सरासरीत याच्या फार पुढे नसते. त्यामुळे प्रत्यक्ष बचत तीन-चार मिनिटांची असेल, असा माझा अंदाज आहे. सिग्नल सुटल्यावर सायकल किती लवकर उचलते आणि चढावर किती मंदावते, या दोन गोष्टींचा तुमच्या रोजच्या वेळेवर कमाल वेगापेक्षा जास्त परिणाम होतो, आणि या दोन्ही गोष्टी मर्यादेच्या आत राहूनच सुधारता येतात.

आता कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू, कारण दुकानात ऐकू येणारी बरीच माहिती अर्धवट असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २(यू) बॅटरीवर चालणाऱ्या काही वाहनांना मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळतो. त्यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारी) पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असावी लागते, वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त चालत नाही. योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तकही हवा. पेडलला मदत करणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे: वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत हळूहळू कमी होत २५ वर पूर्ण बंद झाली पाहिजे, आणि स्वाराने पेडल मारणे थांबवले तर त्याआधीच बंद झाली पाहिजे. या सगळ्याची तपासणी नियम १२६ खालील अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते; आपल्या पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकीच एक.

या अटी पूर्ण करणाऱ्या सायकलीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही आणि विमाही सक्तीचा नाही. ही फार मोठी मोकळीक आहे, आणि ती वाहन या चौकटीत राहते तोवरच मिळते. ही मर्यादा मोटरच्या मदतीवर आहे, हेही नीट समजून घ्यावे. तुम्ही स्वतःच्या पायांच्या जोरावर किंवा उतारावर २८-३० च्या वेगाने गेलात तर त्याने सायकलीचा प्रकार बदलत नाही. त्या वेगाला मोटरने ढकलायचे नाही, इतकाच त्याचा अर्थ. थ्रॉटलबाबतही, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवणाऱ्या मुठीबाबतही विचारणा होते. थ्रॉटल आहे म्हणून सायकल आपोआप बेकायदा ठरत नाही, पण थ्रॉटलवर चालतानाही शक्तीची आणि वेगाची अट तशीच लागू राहते.

या विषयावर इंटरनेटवर पाहिलेल्या व्हिडिओंमुळे बराच गोंधळ होतो. त्यांपैकी पुष्कळसे अमेरिकेतले असतात. तिथे ७५० वॉटपर्यंतची मोटर चालते, पहिल्या दोन वर्गांत मदत ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे ३२ किलोमीटरपर्यंत मिळते, आणि तिसऱ्या वर्गात पेडल मारत असताना २८ मैलांपर्यंत. युरोपीय संघात मात्र आपल्यासारखीच २५० वॉट आणि २५ किलोमीटरची रेषा आहे, आणि त्यापलीकडे ४५ च्या वेगाने जाणाऱ्या सायकली मोपेडच्या वर्गात मोडतात. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून त्यांना नंबरप्लेट आणि हेल्मेट सक्तीचे आहे. वेगवान सायकल जगात कुठेच नाही असे नाही. पण जिथे ती आहे, तिथे तिला वेगळ्या वर्गात घालून वेगळ्या अटी लावल्या आहेत.

दुकानदाराच्या ‘एक तार’ या दाव्याकडे वळतो, कारण तो तांत्रिकदृष्ट्या अर्धाच खरा आहे. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये वेगमर्यादेची एक जोडतार असते किंवा डिस्प्लेच्या मेनूमध्ये तशी सेटिंग असते, हे खरे. पण चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मध्यभागी बसणाऱ्या मोटरचा कमाल वेग तिच्या वेटोळ्यांवर आणि तिला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ३६ व्होल्टच्या बहुतेक सायकलींची मोटर मर्यादा काढल्यावर तीसच्या आसपास जाऊन थांबते. ४० गाठायचे तर व्होल्टेज वाढवावे लागते, म्हणजे ४८ व्होल्टची बॅटरी आणि जास्त करंट देणारा कंट्रोलर घालावा लागतो. तार काढून समाधान झाले नाही की पुढचा खर्च हा असा सुरू होतो, आणि शेवटी मूळ सायकलीतले फक्त फ्रेम, ब्रेक आणि चाके उरतात. नेमक्या याच तीन गोष्टी ४० साठी बनवलेल्या नसतात.

वेग दीडपट झाला की हवेचा विरोध दीडपटीत वाढत नाही, त्याहून खूप जास्त वाढतो. सायकल, बॅटरी आणि माणूस मिळून शंभर किलो धरा आणि माणूस सरळ बसला आहे असे समजा. सपाट रस्त्यावर २५ चा वेग राखायला चाकाशी साधारण १७५ वॉट लागतात. ४० ला जवळपास ५८० वॉट, म्हणजे तिपटीहून जास्त. मोटर आणि कंट्रोलरमधली घट धरली तर पेडल न मारता २५ ला दर किलोमीटरमागे सुमारे ९ वॉट-तास आणि ४० ला १८-१९ वॉट-तास खर्च होतात. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत सुमारे ३७५ वॉट-तास असतात. तुमचा जाऊन-येऊन प्रवास अठरा किलोमीटरचा आहे. मर्यादेत राहून आणि थोडे पेडल मारून त्यात बॅटरीचा तिसरा हिस्सा, फार तर थोडे जास्त, वापरला जाईल. तेवढ्याच ऊर्जेची बॅटरी घेऊन ४० ने पळालात तर नव्या बॅटरीतसुद्धा परतताना जेमतेम शिल्लक राहील, आणि दोन-तीन वर्षांनी क्षमता पाचव्या हिश्शाने घटली की रोज कार्यालयात चार्ज केल्याशिवाय घरी पोहोचणे अवघड होईल.

मोटरचेही तसेच. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आकाराने लहान हब मोटरमध्ये बहुधा नायलॉनचे गिअर असतात. ते आधी मऊ पडतात आणि मग त्यांचे दात झिजतात. आसाच्या दोन्ही बाजूंना जी खाच असते, तिच्यावरही मोटरचा पीळ येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कमध्ये जास्त ताकदीची मोटर टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी आधारपट्टी) न लावता बसवली तर ती खाच रुंदावते, आणि एखाद्या दिवशी चाक निसटून बाहेर येते. अशा रुंदावलेल्या खाचा मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी स्वाराला त्याची काहीही कल्पना नव्हती.

या सगळ्यापेक्षा मला ब्रेकची काळजी जास्त वाटते. समोर कोणी आडवे आले तर ब्रेक दाबेपर्यंत माणसाचा एक सेकंद जातो. चांगला ब्रेक आणि कोरडा रस्ता धरला तर २५ च्या वेगाला एकूण तेरा मीटरच्या आसपास सायकल थांबते. ४० ला सव्वीस-सत्तावीस मीटर लागतात. म्हणजे अंतर दुप्पट होते. पावसात, केबलवर चालणाऱ्या झिजलेल्या डिस्क ब्रेकवर हे अंतर आणखी वाढते. त्यात पादचाऱ्याला आणि वळणाऱ्या रिक्षावाल्याला दिसते ती सायकल. सायकल किती वेगाने येईल याचा अंदाज त्याच्या सवयीत बसलेला असतो आणि त्या अंदाजाने तो रस्ता ओलांडतो. तुम्ही ४० ने येत आहात हे त्याला कळायच्या आत तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलेले असता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना लुना आठवत असेल. १९७२ मध्ये आलेल्या त्या गाडीला पेडल होते, इंजिन ५० सीसीचे होते, तरी ती मोटार वाहन होती. तिला नंबरप्लेट लागत असे आणि चालवणाऱ्याला परवाना. ४० ने पळणारी ई-सायकल कामाच्या दृष्टीने लुनाच असते, मात्र तिला लुनासारखा भक्कम सांगाडा, जाड टायर आणि ड्रम ब्रेक नसतात, आणि नोंदणीही नसते.

आता परिणामांचे बोलू. मर्यादा काढली की नियम २(यू) ची सूट संपते आणि ती सायकल मोटार वाहन कायदा, १९८८ खाली मोटार वाहन ठरते. मग ती चालवणे म्हणजे एकाच वेळी नोंदणीशिवाय, विम्याशिवाय आणि सायकल म्हणून चालवणारा परवाना काढत नसल्यामुळे बहुधा परवान्याशिवायही चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात परवान्याशिवाय चालवण्याला ५,००० रुपये, विम्याशिवाय पहिल्या वेळी २,००० रुपये आणि नोंदणीशिवाय पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. परवाना आणि विम्याच्या बाबतीत कैदेचीही तरतूद आहे. वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याच कलमात विक्रेत्यासाठी दर वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. दुकानदार ‘माझ्या जबाबदारीवर काढून देतो’ असे म्हणाला, तर हे कलम त्याला माहीत आहे का, ते जरूर विचारा.

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर तसे होत नाही. नोंदणी नसलेल्या वाहनाला तृतीय पक्ष विमा मिळत नाही, त्यामुळे एखाद्या वृद्ध पादचाऱ्याचे हाड मोडले तर भरपाईचा सारा भार तुमच्या स्वतःच्या मिळकतीवर येतो. नियमात बसणाऱ्या सायकलीवर विमा सक्तीचा नसला तरी बेदरकारपणाची मोकळीक नाही, हेही लक्षात ठेवावे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन हयगयीने किंवा बेदरकारपणे चालवण्याला लागू होते आणि त्यातून सायकल सुटत नाही.

मुलाच्या बाबतीत माझे मत सर्वांत ठाम आहे. मर्यादेतली सायकल चालवायला परवाना लागत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाने ती क्लासला नेण्यात कायद्याची अडचण नाही. त्याच सायकलीची मर्यादा काढली की तो अल्पवयीन मुलगा मोटार वाहन चालवत असतो. कलम १९९अ अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय पंधराव्या वर्षी हातात वेग आल्यावर तो न वापरण्याचा संयम त्याने दाखवावा, अशी अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही. ती जबाबदारी आपण मोठ्यांची आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी मोकळेपणाने सांगतो. तुमचे अंतर नऊऐवजी अठरा किलोमीटर असते, किंवा वाटेचा बराच भाग महामार्गालगतचा असता, जिथे आजूबाजूची वाहने साठ-सत्तरच्या वेगाने जातात, तर मी ई-सायकल सुचवली नसती. अशा वेळी सरळ हिरव्या नंबरप्लेटची नोंदणीकृत ई-स्कूटर घ्यावी, परवाना काढावा, विमा उतरवावा. रोज मागे कोणाला बसवायचे असेल तरीही तेच. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पेडलवर किती भार द्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. स्वतः किट बसवण्याचा विचार असेल तर एवढे ध्यानात ठेवा की कारखान्यातून आलेल्या मॉडेलची चाचणी झालेली असते, घरी जोडलेल्या सायकलीची नाही. चौकशी झाली तर दाखवायला हातात काही नसते.

चढाविषयी बऱ्याच जणांच्या मनात शंका असते की २५० वॉट पुरतील का. हा आकडा तीस मिनिटे सलग देता येणाऱ्या शक्तीचा आहे; चढावर थोडा वेळ मोटर त्याहून जास्त जोर देऊ शकते. पाच टक्के चढावर शंभर किलो वजन ताशी १२ ने वर न्यायला साधारण २०० वॉट लागतात, आणि बेताने पेडल मारणारा निरोगी माणूस त्यात ७५ ते १०० वॉट स्वतः घालतो. म्हणजे चांदणी चौकाकडचा चढसुद्धा घामाशिवाय निघतो, अट एकच की गिअर खालचा घ्यावा आणि पाय चालू ठेवावेत. चढावर पाय थांबवून नुसत्या थ्रॉटलवर रेटल्याने मोटर सर्वांत जास्त तापते, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मोटरींमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

कमाल वेगावर जो पैसा खर्च करणार होतात, तो कुठे घालावा ते सांगतो. पहिल्यांदा ब्रेक: जमल्यास हायड्रॉलिक डिस्क, आणि दोन्ही लिव्हरला ब्रेक दाबताच मोटरचा वीजपुरवठा तोडणारा स्विच असलाच पाहिजे. त्यानंतर सेन्सर. स्वस्त सायकलीत पेडल फिरते आहे का एवढेच पाहणारा सेन्सर असतो. तो उशिरा जागा होतो आणि उशिरा थांबतो, त्यामुळे सिग्नलवर निघताना धक्का बसतो. पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर महाग असतो, पण गर्दीत त्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पावसासाठी लांब मडगार्ड आणि रबरी टोप्या असलेली जोडणी हवी. हेल्मेट अशा सायकलीला सक्तीचे नसले तरी मी ते दोघांसाठीही धरून चालतो.

पैसे देण्याआधी त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचे मॉडेलचे नाव सायकलीवरच्या नावाशी ताडून पाहा. डिस्प्लेमध्ये चाकाचा आकार बरोबर भरला आहे का तेही तपासा. २९ इंची चाकाच्या सायकलीत सेटिंग २६ इंचांची असेल तर डिस्प्ले २५ दाखवत असताना खरा वेग २८ च्या जवळ असतो. मोबाईलच्या जीपीएसवर एका सपाट रस्त्यावर हे पाच मिनिटांत तपासता येते. अशी चूक आढळली तर दुकानदाराकडूनच दुरुस्त करून घ्या.

मुलासाठी आणखी एक करता येईल. बहुतेक डिस्प्लेमध्ये मदतीच्या पातळ्या असतात आणि काहींमध्ये कमाल वेग २५ च्या खाली आणण्याची सोयही असते. पहिले काही महिने त्याच्यासाठी ती मर्यादा १८ वर ठेवा, सेटिंगला पासवर्ड असेल तर लावा, आणि क्लासच्या रस्त्यावर दोन-तीनदा त्याच्यासोबत जा. त्याचा ब्रेक मारण्याचा अंदाज बसला की मर्यादा थोडी थोडी वाढवता येईल.